स्टीअरिंग थरथरतंय? डॅम्पर विकत घ्यायच्या आधी हे ऐका

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे' शक्य तितके काढलेत, काही राहिले असतील.)

आजचा विषय जुन्या गाड्यांचा आहे. नेमकं सांगायचं तर पुढच्या चाकांचा वॉबल. गाडी नीट चाललेली असते, रस्त्यात एखादा खड्डा किंवा पुलाचा जॉइंट लागतो आणि अचानक स्टीअरिंग दोन्ही बाजूंना इतक्या जोरात हलायला लागतं की हातात धरवत नाही. इंग्रजीत याला 'शिमी' म्हणतात. फार वाढला तर 'डेथ वॉबल' म्हणतात, आणि ज्यांनी तो अनुभवलाय त्यांना हे नाव अतिशयोक्तीचं वाटत नाही.

उदाहरण म्हणून मी आज एकच गाडी घेतोय, विलीज पॅटर्नची जीप. आपल्याकडे महिंद्राने वर्षानुवर्षं बनवलेली सीजे ३बी. महाराष्ट्रात ही गाडी कुणी पाहिली नाही असं होणार नाही. कुणाच्या वाड्याच्या पडवीत ती उभी असते, कुठे ऊसवाल्याकडे, कुठे गणपतीच्या मिरवणुकीत. आता आपल्या वयाची पोरं आजोबांची जीप बाहेर काढून रिस्टोअर करतायत. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, त्यामुळे उत्साह आणखी वाढलाय. रंग, हूड, सीट सगळं चकाचक होतं. पुढच्या ॲक्सलकडे मात्र कुणी बघत नाही, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही.

मग वॉबल येतो. इंटरनेटवर शोधलं की पहिलं उत्तर मिळतं: स्टीअरिंग डॅम्पर लाव. हा एक छोटा शॉक ॲब्झॉर्बर असतो, स्टीअरिंगच्या रॉडला आडवा लावायचा. लावला की थरथर जवळपास जाते. माझं मत स्पष्ट आहे: निदान करायच्या आधी डॅम्पर लावणं म्हणजे कोडमध्ये एरर येतोय म्हणून सगळं एका ट्राय-कॅचमध्ये गुंडाळून टाकणं. एरर दिसायचा बंद होतो, पण बग तिथेच असतो आणि वाढत राहतो. फरक एवढाच की इथे प्रोग्रॅम क्रॅश होत नाही, गाडी होते.

आता हे होतं कसं ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढच्या टेस्ट पाठ कराव्या लागणार नाहीत.

सायकलचं सुटं चाक दोन्ही हातांनी ॲक्सलला धरा आणि कुणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा. आता ते एका बाजूला कलवून बघा. तुम्ही कलवता एकीकडे आणि चाक वळायला बघतं भलतीकडेच. फिरणाऱ्या वस्तूचा हा स्वभाव आहे. भोवऱ्यातही तेच असतं.

जीपच्या पुढे सलग, एकसंध ॲक्सल आहे. डावं चाक उंचवट्यावर चढलं की अख्खा ॲक्सल कलतो, म्हणजे फिरणारी दोन्ही चाकं कलतात. मग सायकलच्या चाकासारखंच ती वळायला बघतात. वळली की त्या वळण्यामुळे ॲक्सल उलट दिशेला कलतो, आणि पुन्हा वळणं. चक्र सुरू झालं! याला लागणारी ऊर्जा गाडीच्या वेगातून, टायर आणि रस्त्याच्या घर्षणातून मिळत राहते. म्हणून वेग कमी केल्याशिवाय ते थांबत नाही.

ही जुनीच डोकेदुखी आहे. 1934 मध्ये जनरल मोटर्सने आपल्या गाड्यांना पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन दिलं, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होणार. त्या कामात मॉरिस ऑली हा इंजिनिअर प्रमुख होता. आरामदायी राइड हे कारण होतंच, पण शिमीतून सुटका हेही मोठं कारण होतं. जीपमध्ये सलग ॲक्सल राहिला, कारण ती फोर-व्हील ड्राइव्ह होती आणि मजबूत, साधी, कुठेही दुरुस्त होणारी गाडी हवी होती. आपली अँबॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी स्वतंत्र सस्पेन्शनवाल्या. त्यांतही स्टीअरिंग थरथरतं, पण हे असं दोन्ही चाकांचं झोके घेणारं चक्र सहसा जमत नाही.

मग प्रश्न असा, की सगळ्याच जीपना हे व्हायला हवं ना? नाही होत. फॅक्टरीतून आलेली घट्ट जीप खड्ड्यातून गेली तर एक-दोन झटके बसतात आणि मरतात, कारण प्रत्येक जोड घट्ट आहे आणि थोडं घर्षण आहे. जोड सैल झाले, ज्याला गॅरेजमध्ये 'प्ले' म्हणतात, की त्या प्लेपुरतं चाकाला अडवणारं कुणी नसतं. ते मोकळं झुलतं, टोकाला आदळतं, परत येतं.

म्हणजे वॉबलला दोन गोष्टी लागतात. एक ट्रिगर: खड्डा, बॅलन्स नसलेलं चाक, वाकडी रिम. आणि दुसरी परवानगी: कुठेतरी असलेला प्ले. बहुतेक लोक ट्रिगर काढतात, चाकं बॅलन्स करून आणतात, दोन महिने बरं वाटतं. परवानगी तशीच असते.

आता निदान. आपण बग रिपोर्ट वाचतो तसं आधी विचारायचं: कधी होतं? ठरावीक वेगाला येऊन पुढे जातं का? तर संशय टायर, रिम, बॅलन्सवर. फक्त ब्रेक दाबल्यावर होतं का? तर ब्रेकचे ड्रम बघा, गोलाई गेली असेल. खड्ड्यानंतर सुरू होऊन अगदी हळू होईपर्यंत थांबत नाही का? तर तो खरा शिमी, खाली झोपायची तयारी ठेवा.

इथे फोन कामाला येतो. 'फायफॉक्स' नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं. ते फोनचा एक्सेलरोमीटर वापरून कंपनाची फ्रिक्वेन्सी दाखवतं. आधी गणित करून ठेवा. टायरवर खडूने खूण करा, गाडी ढकलून चाक एक फेरा फिरवा आणि जमिनीवरचं अंतर मोजा. समजा 2.2 मीटर आलं. तर 60 च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण साडेसात फेरे घेतं, 40 ला पाच. वेग फोनच्या जीपीएसवर बघा, जीपच्या स्पीडोमीटरवर माझा तरी विश्वास नाही. फोन डॅशबोर्डला घट्ट बांधा. रिकामा रस्ता, आणि फोन शेजारी बसलेल्याने बघायचा, चालवणाऱ्याने नाही. थरथरीचा आकडा वेगाबरोबर वाढतोय आणि फेऱ्यांशी जुळतोय, तर गडबड चाकात आहे. वेग थोडा बदलला तरी आकडा जवळपास तिथेच राहतोय, तर तो ॲक्सल-स्टीअरिंगचा स्वतःचा झोका आहे. आणि इंजिनची थरथर वेगळी काढायची असेल तर क्लच दाबून बघा. आरपीएम खाली आला आणि थरथर गेली, तर विषयच वेगळा.

खरा शिमी चालत्या गाडीत आला तर काय करायचं, हेही सांगतो. ॲक्सिलरेटर सोडा. स्टीअरिंग घट्ट धरा, पण त्याच्याशी कुस्ती खेळू नका. ब्रेक हळूहळू लावा. आणि अंगठे स्टीअरिंगच्या रिंगच्या आत नकोत, बाहेरून ठेवा. एका झटक्यात अंगठा निखळतो.

माझ्या एका मित्राकडे त्याच्या आजोबांची जीप आहे, वाईला. चुलतभावाच्या लग्नात वरात जीपमधून काढायची म्हणून चार महिने तिच्यावर काम केलं. साताऱ्याला जाताना हायवेवरच्या पुलाच्या जॉइंटवर 55 च्या वेगाला वॉबल सुरू झाला. शेजारी धाकटा भाऊ, मागे ट्रक. गाडी रस्त्याच्या कडेला लागेपर्यंत दोघंही बोलले नाहीत. गॅरेजमध्ये नेली तर काही हजारांचा डॅम्पर लावून दिला. सात-आठ आठवडे ठीक गेले. मग एकदा डॅम्परच्या ब्रॅकेटचा बोल्ट ढिला झाला आणि सगळं परत, आधीपेक्षा जास्त. तेव्हा आम्ही दोघं आणि गावातले एक साठीचे मिस्त्री काका गाडीखाली गेलो. पुढचं सगळं त्या दिवशीच्या क्रमानेच सांगतो, कारण काकांचा क्रम बरोबर होता: स्वस्त आणि सोपं आधी.

पहिलं टायर. हवा दोन्हीकडे सारखी आहे का? फुगवटा आहे का? महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टायरला खालच्या बाजूला सपाटी येते, काही किलोमीटर चालवल्यावर कधी जाते, कधी जात नाही. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. ती नक्की बघा, नक्षी नवी दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं. रिमच्या आत वाळलेला चिखल असेल तर खरवडून काढा. हसू नका, पावसाळ्यात शेतातून आलेल्या जीपचा बॅलन्स एवढ्यानेही बिघडतो. मग चाक जॅकवर उचलून शेजारी विटांवर एक स्क्रू ड्रायव्हर रिमच्या अगदी जवळ ठेवा आणि चाक फिरवा. फट कमी-जास्त होत असेल तर रिम वाकडी. शेवटचं, पुढची चाकं मागे आणि मागची पुढे. पैसे लागत नाहीत, आणि लक्षण बदललं तर अर्धं उत्तर मिळालं.

मित्राच्या जीपमध्ये काही बदललं नाही.

दुसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. गाडी जमिनीवरच, चाकांवर पूर्ण वजन. इंजिन बंद, मागच्या चाकांना दगड. एकजण आत बसून स्टीअरिंग थोडं थोडं डावीकडे-उजवीकडे हलवतो, पूर्ण नाही, चाक वळायला लागेल न लागेल एवढंच. दुसरा खाली झोपून एकेका जोडावर हात ठेवतो. नुसतं बघायचं नाही, हात ठेवायचा. प्ले डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळतो. गाडी जॅकवर घेऊन ही टेस्ट करू नका, वजन नसलं की चाकं सहज वळतात आणि सैल जोडही घट्ट वाटतो.

जीपमध्ये हा रस्ता लांबलचक आहे. स्टीअरिंग बॉक्स, त्याचा पिटमन आर्म, मग ड्रॅग लिंक, मग मध्ये बेलक्रँक नावाचा एका पिनवर फिरणारा तुकडा, त्यातून दोन्ही चाकांकडे जाणारे दोन टाय रॉड. प्रत्येक जोडात अर्धा मिलिमीटर गेला तरी शेवटी चाकाला मिळणारी मोकळीक सगळ्यांची बेरीज असते. सात मायक्रोसर्व्हिस, प्रत्येकीची लेटन्सी 'नॉर्मल', आणि युजर मात्र वैतागलेला, तसंच हे.

बॉक्सपासून सुरू करा. बॉक्स चासीला धरणारे बोल्ट हलतायत का? पिटमन आर्म शाफ्टवर घट्ट आहे का? ड्रॅग लिंकच्या टोकांत स्प्रिंग आणि गोळी असते, वर स्क्रूसारखा प्लग, त्याला कॉटर पिन. तिथला प्ले प्लग आवळून काढता येतो, बशी झिजली नसेल तर. मग बेलक्रँक. काकांनी तिथे बोट ठेवलं आणि म्हणाले, "ये, तू पण हात लाव." पिनवर सगळा तुकडा वर-खाली डुलत होता. या गाडीतली ही प्रसिद्ध कमजोर जागा आहे: चिखलाच्या उंचीवर असते, ग्रीस निप्पल रंगाखाली गाडलं जातं आणि ग्रीस वर्षानुवर्षं मिळत नाही. नवीन रंग मारलेल्या जीपमध्ये तर हमखास. निप्पल शोधा, रंग खरवडा.

पण तिथेच थांबायचं नाही. एक सापडलं म्हणजे सगळं सापडलं असं नसतं.

तिसरं, आता गाडी उचलायची. नुसत्या जॅकवर नाही, ॲक्सलखाली स्टँड लावून. चाक घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून आत-बाहेर हलवा. हललं तर दोन संशयित: चाकाचं बेअरिंग किंवा किंगपिनचं बेअरिंग. किंगपिन म्हणजे ज्याच्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती वरची आणि खालची पिन. दोघांत फरक ओळखायचा एक सुंदर उपाय आहे. आत बसलेल्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकमुळे ड्रम बॅकप्लेटला जखडतो, म्हणजे चाकाचं बेअरिंग हिशेबातून बाहेर गेलं. प्ले गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. प्ले तसाच राहिला तर किंगपिन.

डाव्या चाकाचा प्ले ब्रेक दाबल्यावरही तसाच. किंगपिन!

जीपच्या किंगपिनच्या वर-खाली निमुळती रोलर बेअरिंग असतात आणि त्यांना थोडा दाब देऊन बसवायचं असतं. तो दाब टोप्यांखालच्या पातळ पत्र्याच्या चकत्यांनी, म्हणजे शिमने ठरतो. शिम काढली की घट्ट, घातली की सैल. मोजायचं साधन म्हणजे शाळेतला ताणकाटा: टाय रॉड सोडवून, काट्याने ओढून चाकाचा भाग वळवायला किती जोर लागतो ते बघायचं आणि मॅन्युअलच्या आकड्याशी जुळवायचं. हा थोडासा जडपणाच शिमीला मारतो. मूळ डिझाइनमध्ये डॅम्परचं काम करणारी ही जागा आहे, म्हणून मला बाहेरून लावलेल्या डॅम्परचा इतका राग येतो. मात्र चाक वळवताना मध्ये 'खट्' अशी खाच लागत असेल तर शिमने भागणार नाही, बेअरिंगच्या वाटीवर खड्डे पडलेत, बदलाच.

कमानपाटे आणि कोन यांच्याबद्दल थोडक्यात. यू बोल्ट सैल, शॅकलचे बुश झिजलेले, तर अख्खा ॲक्सलच जागेवर राहत नाही. कॅस्टर म्हणजे किंगपिनचा वरचा भाग थोडा मागे कललेला असणं, सायकलच्या पुढच्या फोर्कसारखं. त्यामुळे चाक आपोआप सरळ येतं. विलीजचा आकडा 3 अंश. कमी झाला तर गाडी भरकटते. फार वाढवला तरी शिमी वाढतो, त्यामुळे 'जास्त म्हणजे चांगलं' असं नाही. जीप उंच दिसावी म्हणून ज्यांनी लिफ्ट केलीय किंवा पाट्याखाली पाचर घातलीय त्यांनी हा कोन मोजून घ्यावा. टो-इन, म्हणजे दोन्ही चाकं पुढे किंचित आत वळलेली असणं, टेप आणि खडूने घरीही मोजता येतं: पुढचं अंतर मागच्यापेक्षा साधारण 1 ते अडीच मिलिमीटर कमी. टाय रॉड एंड बदलला की हे परत जुळवावंच लागतं.

आणि स्टीअरिंग बॉक्स? अनेक ठिकाणी सगळ्यात आधी त्याचाच स्क्रू आवळतात, कारण तो वरून हाताला येतो. मी तो सगळ्यात शेवटी ठेवेन. बॉक्स मध्यावर, म्हणजे सरळ चालताना, सर्वात जास्त झिजतो. चाकं वळलेली असताना स्क्रू आवळला की मध्यावर आल्यावर स्टीअरिंग अडकतं. आणि वळणावरून बाहेर येताना स्टीअरिंग परत येत नसेल तर तो वॉबलपेक्षा वाईट प्रकार आहे. आवळायचाच असेल तर चाकं सरळ ठेवून, थोडा थोडा.

मित्राच्या जीपमध्ये बेलक्रँकची पिन आणि बुश नवीन घातले, डावीकडची किंगपिन बेअरिंग बदलली, उजवीकडची एक शिम काढली, टो-इन जुळवलं. डॅम्पर काढून ठेवला. मग त्याच पुलाच्या जॉइंटवरून 40, 50, 55 असं तीनदा गेलो, फोन डॅशबोर्डला बांधून. एक झटका, अर्धा झटका, शांत. 65 च्या पुढे अजून एक बारीक थरथर येते आणि ती वेगाबरोबर सरळ वाढते, म्हणजे चाकांचीच आहे. टायरवरची तारीख बघितली तर नऊ वर्षं जुनी. टायर पुढच्या महिन्यात. वरात त्याआधीच आहे, पण वरातीला 65 लागत नाही.

तुमच्या गाडीचं काही असेल तर व्हॉइस नोट पाठवा, फक्त तीन गोष्टी आवर्जून सांगा: किती वेगाला होतं, कशानंतर सुरू होतं, आणि कशाने थांबतं.